फळ, चक्का आणि साखरेचा हिशोब

पनीरच्या पाकिटावर ‘कॉटेज चीज’ लिहायची पद्धत ज्याने कोणी सुरू केली, त्याने आपल्या सगळ्यांच्या डोक्यात एक कायमचा गोंधळ घालून ठेवलाय. त्यामुळे अमेरिकेतली माणसं मधल्या वेळच्या खाण्याला अननस किंवा पीच घालून कॉटेज चीज खातात असं ऐकलं, की आपल्या डोळ्यांसमोर मटार पनीरमधल्या चौकोनी वड्या येतात. त्यांच्यावर अननस. नको वाटणारच.

पण ते पनीर नव्हेच. पनीर करताना तापलेल्या दुधात लिंबू किंवा व्हिनेगर पिळायचं, दूध दोन मिनिटांत फुटतं, काम संपलं. कॉटेज चीजला घाई चालत नाही. साय काढलेल्या दुधाला आधी विरजण लावायचं, कधी जोडीला थेंबभर रेनेट. त्याचं दही लागलं की सुरीने त्याच्या वड्या पाडायच्या आणि पातेलं हळूहळू ५०-५५ अंशांपर्यंत तापवायचं. दाणे घट्ट झाले की पाणी गाळायचं, दाणे गार पाण्याने धुवायचे आणि वर थोडी साय नि मीठ घालायचं. म्हणजे विरजण, दही, मग पाणी काढणं. हे वाचताना पाडव्याच्या आदल्या रात्री स्वयंपाकघरात खुंटीला टांगलेलं, खाली पातेल्यात टप-टप गळणारं गाठोडं आठवलं असेल, तर तुम्ही बरोबर जागी पोचलात. कॉटेज चीजचा आपल्याकडचा सख्खा नातेवाईक पनीर नव्हे, चक्का. आणि फळाच्या स्वादाच्या कॉटेज चीजचं मराठी भावंड म्हणजे आम्रखंड.

मी या भानगडीत पडलो तो बाबांमुळे. आयुष्यभर यंत्रमागांच्या खडखडाटात उभा राहिलेला माणूस. गेल्या काही वर्षांपासून त्यांना शुगर आहे. डॉक्टरांनी सांगितलं, गोड कमी करा, प्रोटीन वाढवा. आमच्या घरात पाडव्याला नि दसऱ्याला आम्रखंडाची वाटी सगळ्यांपुढे फिरते आणि बाबांच्या ताटाला वळसा घालून पुढे जाते. ते काही बोलत नाहीत, फक्त पुरी नुसतीच खातात. मी पेशाने सॉफ्टवेअरवाला. एखादी गोष्ट चालत नसेल तर ती मुळात अशी का बांधली होती, हे आधी बघायची सवय. म्हणून आम्रखंडाचा कोड उघडून बघायला बसलो. त्यात साखर कुणी, कधी आणि कशासाठी घातली?

सुरुवात शब्दांपासून करू, कारण मराठीने याबाबत आपली मतं स्पष्ट ठेवली आहेत. दही ‘लागतं’. दूध फुटलं तर ते ‘नासतं’. एक शुभ, दुसरं नुकसान. माझी आजी पनीरला शेवटपर्यंत ‘नासक्या दुधाचं’ म्हणायची आणि ताटाच्या कडेला सारायची. खाद्येतिहासाचे मोठे अभ्यासक के. टी. अचया यांनी मांडलं होतं, की आपल्याकडे दूध मुद्दाम फोडण्यावर जुना निषेध होता आणि बंगालात छेना आला तो पोर्तुगीजांच्या संगतीने. मांडणी आकर्षक आहे, आजीला नक्की पटली असती. पण मला ती जरा जास्तच सुटसुटीत वाटते. कारण वैदिक यज्ञात ‘आमिक्षा’ नावाचा पदार्थ आहे. तापलेल्या दुधात दही ओतायचं, दूध फुटतं, जो घट्ट गोळा उरतो ती आमिक्षा. ती विश्वेदेवांना. जे पाणी सुटतं ते ‘वाजिन’. ते वाजी नावाच्या देवतांना, वाजी म्हणजे घोडा. पुढे मीमांसकांनी यावर रीतसर वाद घातला, की दुधात दही ओतण्याचं प्रयोजन आमिक्षा आहे की वाजिन? त्यांचा निकाल असा, की काम आमिक्षेसाठी चाललंय, वाजिन आपसूक निघतं. मुख्य उत्पादन आणि उपउत्पादन यांतला फरक इतक्या गंभीरपणे क्वचितच कुणी चर्चिला असेल. (आज आमच्याकडच्या जिममधली पोरं त्याच आपसूक पाण्याची वाळवलेली पावडर डब्याने विकत घेतात, ती गोष्ट वेगळी.)

म्हणजे दूध फोडणं माहीत होतं. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लासा’तही आंबट घालून फोडलेल्या दुधाची मिठाई येते. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, सोलापूरच्या पलीकडे. पण त्याच ग्रंथात शिखरिणीही येते आणि आपल्या बाजूला टिकली ती शिखरिणी. दही, साखर, सुवास. ‘शिकरण’ हा आपला शब्द याच शिखरिणीपासून आला असं मानतात. नाव राहिलं, दही गेलं, दूध आणि केळं आलं. म्हणजे फळ घातलेल्या दुधाच्या खाण्याला मराठीत निदान एक जुनं नाव आहे, आणि ते आपण इतकं रोजचं करून टाकलं की त्याकडे कुणी इतिहास म्हणून बघत नाही. ‘श्रीखंड’ या शब्दाचा संस्कृतातला अर्थ मात्र चंदन. पांढरं, गार, सुगंधी, म्हणून नाव चिकटलं असेल तर शोभतंच.

आता साखर. सोळाव्या शतकातल्या भावमिश्राच्या ‘भावप्रकाशा’त रसाला नावाच्या पदार्थाची कृती आहे. ती भीमाने केली आणि श्रीकृष्णाने पुन्हा पुन्हा मागून खाल्ली अशी तिची जाहिरातही तिथेच आहे. कृती इतकी नेमकी आहे की इंजिनिअर खूश व्हावा. म्हशीचं आंबट, पाणी काढलेलं दही एक आढक. पांढरी साखर दोन प्रस्थ. स्वच्छ कापडावर हे थोडं थोडं घालायचं आणि अर्धा घट दूध ओतत नव्या मडक्यात दाबून गाळायचं. वर वेलची, लवंग, कापूर, मिरे. एक आढक म्हणजे चार प्रस्थ, अर्धा घट म्हणजे दोन आढक, म्हणजे आठ प्रस्थ. ठोकळ हिशोब असा: चार भाग दही, दोन भाग साखर, आठ भाग दूध. एकूण चौदा. साखर सातवा हिस्सा, १४ टक्क्यांच्या आसपास.

आता दुकानातला डबा घ्या. अन्नसुरक्षेच्या २०११च्या नियमांनुसार श्रीखंडात घन भाग किमान ५८ टक्के हवा. त्या घन भागात साखर जास्तीत जास्त ७२.५ टक्के चालते, प्रथिनं कमीत कमी ९ टक्के हवीत. गुणाकार केला तर १०० ग्रॅममध्ये साखर ४२ ग्रॅमपर्यंत कायदेशीर आणि प्रथिनं ५.२ ग्रॅम असली तरी पास. ही टोकाची मर्यादा आहे, प्रत्येक डबा तिथे पोचतो असं नाही. शिवाय भीमाची रसाला पातळ, पिण्याजोगी, आणि श्रीखंड चमचा उभा राहील असं. तरीही सातव्या हिश्श्यापासून पाचात दोन हिश्श्यांपर्यंत साखर येऊन पोचली, तर मधे काहीतरी घडलंय.

घडलं ते बरंचसं आमच्याच परिसरात. इचलकरंजीहून तासाभराच्या टापूत. १९३९ साली कृष्णेकाठी भिलवडीत चितळ्यांची डेअरी सुरू झाली. १९६३ मध्ये कोल्हापूर जिल्हा दूध संघ, म्हणजे आपला गोकुळ, स्थापन झाला. वारणेच्या खोऱ्यात तात्यासाहेब कोरे यांनी पन्नाशीच्या दशकात सहकारी साखर कारखाना उभा केला आणि १९६८ मध्ये त्याच माळावर दूध संघ. वारणेचं श्रीखंड खाल्लं नाही असा माणूस आमच्याकडे शोधावा लागेल. एका हाताला ऊस, दुसऱ्या हाताला म्हैस, दोन्हीकडे तेच शेतकरी सभासद. त्या कारखान्याचीच साखर त्या डब्यात जाते असा माझा दावा नाही. पण साखर आणि दूध या दोन्हींची जिथे रेलचेल, तिथे दोन्ही खपवणारा पदार्थ फोफावावा यात आश्चर्य काय!

पण खपवणं एवढंच साखरेचं काम नव्हतं, आणि मला सापडलेली खरी गोष्ट ही आहे. साखर पदार्थातलं पाणी अडवून धरते. जंतूंना लागणारं मोकळं पाणी मिळत नाही. म्हणून श्रीखंडाचा डबा थंडीत ठेवला तर महिनाभराहून जास्त टिकतो आणि लग्नाच्या पंगतीत दुपारभर उघडा राहिला तरी लगेच दगा देत नाही. कॉटेज चीजमध्ये पाणी जवळपास ८० टक्के आणि साखर नावाला. कारखान्यापासून खाणाऱ्याच्या चमच्यापर्यंत प्रत्येक टप्प्यावर फ्रीज नसेल तर ते काही तासांत आंबतं. दोन हजारच्या दशकातलं लोडशेडिंग आठवा. आमच्याकडे माग बंद पडायचे, तर दुकानातला फ्रीज कुठून चालणार? त्या काळात वितळत-गोठत राहिलेल्या फ्रीजमधून जे सुखरूप घरी यायचं, त्यात श्रीखंड होतं, कारण त्याचा फ्रीज त्याच्या आतच होता.

दुसरा बदल कापडाचा. हे गाव कापडाचं, त्यामुळे इथे थोडं रेंगाळतो. इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग आणला, संस्थानचे अधिपती नारायणराव घोरपडे यांनी पाठबळ दिलं आणि धोतर, कॅम्ब्रिक, पॉपलिन विणत गाव वाढलं. चक्क्याला लागतं ते पातळ, सुती, बिनाखळीचं कापड. घट्ट विणीचं घेतलं तर पाणी अडतं, फार विरळ घेतलं तर दहीच निसटतं. आमच्या घरी यासाठी बाबांच्या जुन्या धोतराचा तुकडा असतो, शेकडो वेळा धुतलेला. नवं कापड आई हात लावू देत नाही. भावमिश्राचं ‘स्वच्छ कापड’ आणि आमचा धोतराचा तुकडा यांत चारशे वर्षांत तांत्रिक फरक काही पडला नव्हता.

तो पडला १९७०च्या दशकात, आणि गुजरातेत. आर. पी. अनेजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ साली श्रीखंडाची औद्योगिक पद्धत प्रसिद्ध केली. बडोद्याच्या सहकारी डेअरीने ती वापरात आणली. रात्रभर टांगायच्या गाठोड्याऐवजी दही एका वेगाने फिरणाऱ्या यंत्रात सोडायचं, पाणी एका तोंडाने बाहेर, चक्का दुसऱ्या. या यंत्राचं नाव क्वार्क सेपरेटर. क्वार्क म्हणजे जर्मनीतलं ताजं, मऊ चीज, जे तिथली माणसं फळं घालून रोज खातात. आपल्या श्रीखंडाला मोठं करायला जे यंत्र लागलं ते मुळात फळं घालून खायच्या चीजसाठी बनलेलं होतं. हे नातं मी जुळवलेलं नाही, डेअरीवाल्यांनी पन्नास वर्षांपूर्वीच ओळखलं होतं. १९८० साली भारतीय मानक संस्थेने चक्का आणि श्रीखंडाचं मानकही काढलं. सणाचा पदार्थ आता वर्षभर मिळू लागला. हापूसचा रस डबाबंद मिळत असल्याने आम्रखंडालाही ऋतू उरला नाही.

तिकडे अमेरिकेत उलटी गोष्ट घडत होती. कॉटेज चीज हा शेतकऱ्याच्या झोपडीतला, लोणी काढून उरलेल्या दुधाचा पदार्थ. आपल्याकडे लोणी काढल्यावर ताक उरतं नि ते आपण पिऊन टाकतो, त्यांच्याकडे उरलेल्या दुधाचं हे व्हायचं. पहिल्या महायुद्धात मांस वाचवायला सरकारने पोस्टर लावून लोकांना ते खायला सांगितलं. नंतर ते वजन उतरवणाऱ्यांचं खाणं झालं. ८ ऑगस्ट १९७४ रोजी, राजीनामा जाहीर करायच्या दिवशी, निक्सन यांनी दुपारी जे खाल्लं त्याचा फोटो प्रसिद्ध आहे: ताटलीत अननसाच्या चकत्या, मधे कॉटेज चीज, शेजारी दुधाचा ग्लास. साधारण तेव्हाच त्याचा खप शिखरावर होता. पुढे तो घसरला आणि जागा घेतली योगर्टने, ज्याच्या तळाशी १९४७ पासूनच स्ट्रॉबेरीचा जॅम घालून मिळत होता. म्हणजे फळाने बाजी मारली, पण दुसऱ्याच्या डब्यातून. अलीकडे व्हिडिओंच्या लाटेत कॉटेज चीज पुन्हा वर आलं, ते प्रोटीनच्या नावाने. साधारण १०० ग्रॅमला ११ ग्रॅम. आपल्याकडेही २०१५ पासून फळांच्या स्वादाचं ग्रीक योगर्ट छोट्या डब्यांतून विकलं जाऊ लागलं. ऑफिसातल्या फ्रीजमध्ये ते पहिल्यांदा चाखलं तेव्हा माझा कोल्हापूरचा सहकारी म्हणाला होता, “भावा, ह्यो तर चक्का हाय. साखर घालायची राहिली.”

इचलकरंजीत फळाच्या स्वादाचं कॉटेज चीज शोधण्यात मी वेळ घालवला नाही, घरीच केलं. साय काढलेलं दोन लिटर गाईचं दूध, विरजण, आईचा थर्मामीटर (तापाचा नव्हे, मी ऑनलाइन मागवलेला) आणि तो धोतराचा तुकडा. सकाळी दह्याच्या वड्या पाडल्या, पातेलं मोठ्या पातेल्यातल्या गरम पाण्यात ठेवून तासभर तापवलं. पाव किलोहून थोडे जास्त पांढरे, मऊ, किंचित चिवट दाणे निघाले. दोन चमचे साय, चिमूटभर मीठ.

मग फळं. हापूसचा रस आटवून घातला. चव चांगली, पण आंबा दाण्यांच्या बाहेर राहिला. आम्रखंडात चक्का पुरणयंत्रातून काढतात, रेशमासारखा होतो, आंबा त्यात विरतो. इथे प्रत्येक घासात आंबा वेगळा, दही वेगळं. तासगावची द्राक्षं मात्र अर्धी चिरून घातली तर झकास लागली, कारण त्यांना विरायचंच नव्हतं. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरीही तशीच. कच्चा अननस मी मुद्दाम घालून बघितला. अर्ध्या तासात वाटी कडवट आणि पाणीदार. अननसात ब्रोमेलेन नावाचं द्रव्य असतं, ते दुधातली प्रथिनं तोडतं. डबाबंद अननस तापवलेला असल्याने हे करत नाही. आपल्याकडच्या अननसाच्या शिऱ्यातही अननस शिजतोच, हे त्यावरून लक्षात आलं.

बाबांनी द्राक्षांची वाटी संपवली. मग उरलेले साधे दाणे बघून विचारलं, “हे मीठ घातलेलं आहे ना?” आणि ज्वारीच्या भाकरीवर ठेवून खर्ड्याबरोबर खाल्लं. इतिहासात याला आधार काय ते मला माहीत नाही, पण चव मी पण घेतली आणि ती त्या सगळ्या वाट्यांत सरस होती.

आई मात्र बधली नाही. तिचं म्हणणं असं की तापवायचं, धुवायचं, एवढी उस्तवार करण्यापेक्षा चक्का घ्यावा, साखर पाव करावी आणि आंबा वाढवावा. हिशोबाने ती बरोबर आहे. फ्रीज आता चोवीस तास चालतो, डबा दोन दिवसांत संपणार आहे, मग टिकवायला म्हणून घातलेल्या साखरेला काम काय उरलं? गोडीपुरती आंब्याची पुरते. अर्थात आंब्यातही साखर असतेच, म्हणून बाबांची वाटी लहान. या पाडव्याला आम्ही अर्धा किलो चक्क्यात दोन मोठे चमचे साखर आणि एका हापूसचा आटवलेला रस घातला. माझ्या चुलत भावंडांनी पहिल्या घासाला एकमेकांकडे बघितलं आणि वाटीत वरून पिठीसाखर मागितली. बाबांनी पुरीबरोबर अर्धी वाटी खाल्ली.

मे महिन्यात पुन्हा करावं म्हणून मी नेहमीच्या डेअरीवर गेलो. काउंटरच्या काचेत श्रीखंड, आम्रखंड, बासुंदी, लस्सी सगळं रांगेत होतं, चक्का नव्हता. विचारलं तर काका म्हणाले, “आत्ता कुठला सण आहे?”

“सण नाही काका. संध्याकाळी खायला पाहिजे.”

“नुसता?”

“थोडं फळ घालून.”

ते क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. मग वही काढून नाव लिहून घेतलं. “परवा सकाळी या. पण एक किलो तरी घ्यावा लागेल. त्याच्या खाली आम्ही टांगत नाही.”